कढण: आधार आणि मर्यादा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे असा चिटणीसबाईंनी आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे मोठ्या विषयावर लिहिण्याची माझी तयारी नव्हती. पण गेल्या वर्षभरात आपल्या मासिक सभेत एक प्रश्न दोन-तीनदा निघाला आणि तो मनात घर करून राहिला. हल्ली बाजारात हाडांच्या अर्काचे सूप बाटलीतून व पुडीतून मिळू लागले आहे. आपले पूर्वज अश्मयुगात जे खात तेच खरे अन्न, धान्य आणि डाळी ही मागाहून आलेली ब्याद, असेही त्याबरोबर सांगितले जाते. माझी कन्या कॉलेजात जाते. ती याला ‘पॅलिओ’ आहार म्हणते. आपल्यापैकी काहीजणींनी विचारले की, आपल्या आजीचे कुळथाचे कढण आणि हे सूप यांत फरक तो काय? आणि या पातळ पाण्यात खरोखर ताकद असते किती?

मी वाचनालयातून पुस्तके आणली. इंग्रजी मजकूर कन्येने वाचून समजावून दिला. त्यातून जो इतिहास हाती लागला तो माझ्या ओबडधोबड भाषेत येथे मांडते.

प्रथम आपल्या घरातल्या शब्दांकडे पाहू. पातळ अन्नाला मराठीत जितकी नावे आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या पदार्थप्रकाराला असतील. तांदूळ भरपूर पाण्यात शिजविला की पेज. तिच्यावरचे नितळ पाणी ते निवळ. मूग किंवा कुळीथ शिजवून वरचे पाणी काढले की कढण. पुरणासाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे गाळलेले पाणी म्हणजे कट. देशावर त्यालाच येळवणी म्हणतात. आमसुलाचे, टोमॅटोचे ते सार. नाचणीची किंवा ज्वारीची आंबवलेली ती आंबील. कोल्हापूर भागात मटण नुसत्या हळद, मीठ, आले, लसणात शिजविले की जे पाणी निघते त्याला अळणी म्हणतात. मुलांना तिखट रश्शाआधी हीच वाटीभर देतात, आणि तिच्यातच नारळाचे दूध व वाटलेली खसखस-तीळ पडले की पांढरा रस्सा होतो. बोकडाच्या खुरांचे ते पाया सूप.

या प्रत्येक नावामागे एक माणूस बसलेला असतो. निवळ तापातून उठणाऱ्याची, मऊ खिमट दात न आलेल्या बाळाचे, कढण बाळंतिणीचे, आंबील उन्हातून आलेल्या शेतकऱ्याची, पाया सूप हाड मोडलेल्याचे. म्हणजे ज्याला त्या घडीला पूर्ण जेवण झेपत नाही, किंवा ज्याला जेवणाआधी थोडा ओलावा हवा, त्याच्यासाठी हे अन्न आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास हिच्याभोवतीच फिरतो.

आपल्याकडील वैद्यकात या अन्नाची व्यवस्था फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शिजविलेल्या अन्नाचा एक स्वतंत्र वर्गच दिला आहे. त्यात मंड, पेया, विलेपी, यूष आणि मांसरस यांचे गुण सांगितले आहेत. यूष म्हणजे आपले कढण. मांसरस म्हणजे मांसाचे पाणी. शेंगेत येणाऱ्या धान्यांमध्ये चरकाने मूग श्रेष्ठ ठरविला आहे, आणि आपण आजाऱ्याला मुगाचेच कढण देतो.

याहून महत्त्वाची गोष्ट सिद्धिस्थानात आहे. वमन-विरेचनासारखे उपचार झाल्यावर रोग्याला पुन्हा जेवणावर कसे आणावे, याचा तेथे क्रम लावून दिला आहे. आधी पेया, मग तीहून दाट विलेपी, मग मीठ-तूप-मसाल्याविना केलेले कढण, मग फोडणी-मिठाचे कढण, मग तसाच आधी साधा आणि मागाहून संस्कार केलेला मांसरस, आणि शेवटी नेहमीचे जेवण. हे सांगताना दाखला चुलीचा दिला आहे. विझू घातलेल्या ठिणगीवर एकदम मोठे लाकूड टाकले तर ती मरते. आधी काडी, मग गोवरीचा तुकडा असे करीत गेले की तीच आग मोठी होते. चूल पेटविणाऱ्या कोणत्याही बाईला हे निराळे शिकवावे लागत नाही.

यात एक मर्म आहे. ही शिडी आहे. पेज ही तिची पहिली पायरी. शिडीच्या पहिल्या पायरीवर कोणी मुक्काम करीत नाही. पोचायचे असते ते पूर्ण जेवणापर्यंत. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यातही धान्ये, डाळी, भाज्या यांचे गुणदोष सविस्तर आहेत. म्हणजे आपल्या लोकांनी पातळ अन्नाला मान दिला तरी घट्ट अन्नाचा विचार कधी सोडला नाही.

आता अश्मयुगाचे काय, ते पाहू. उकळलेले अन्न करायचे तर भांडे हवे. चीनच्या ज्यांग्शी प्रांतातील एका गुहेत सापडलेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, असे २०१२ साली संशोधकांनी जाहीर केले. त्यांतील काहींवर बाहेरून जळाल्याच्या खुणा होत्या, म्हणजे ती चुलीवर चढलेली असावीत. जपानमधील प्राचीन खापरांच्या आतल्या थरात तर मासळी शिजविल्याचा अंश सापडला. मडके नसतानाही तापविलेले दगड पाण्यात टाकून पाणी उकळण्याची रीत जगातल्या अनेक जमातींत होती. तेव्हा हाडे, मासळी, कंद उकळून त्यांचे पाणी पिणे ही माणसाची फार जुनी सवय आहे हे खरे.

परंतु त्या काळी माणूस धान्य खातच नव्हता, हे मात्र पुराव्याला धरून नाही. इस्रायलमधील गालिली समुद्राच्या काठी २३,००० वर्षांपूर्वीची एक वस्ती सापडली. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या या लोकांनी रानातले जव आणि गहू गोळा करून वाटले होते. अश्मयुगीन आहाराची आजची कल्पना तशी अलीकडची आहे. अमेरिकेत १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला, आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तिचा बोलबाला झाला. साखर, मैदा, डब्यातले पदार्थ कमी करा हा त्यातला उपदेश चांगलाच आहे. पण त्यासाठी आपल्या डाळी आणि भाकरी ताटातून घालविण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्राचीच साक्ष काढू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीपासून तेथे शेतकरी राहत होते. त्यांच्या घरांत चुली सापडल्या, धान्य साठविण्याच्या जागा सापडल्या, जव, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे सापडले, आणि खाल्लेल्या जनावरांची हाडेही सापडली. त्या काळच्या जोर्वे पद्धतीच्या लाल भांड्यांत तोटी असलेले भांडे प्रसिद्धच आहे. त्या तोटीतून काय ओतले जाई, ते भांडे काही सांगत नाही. पण एकाच घरात कुळीथही होता आणि हाडेही होती. कुळीथ महाराष्ट्राच्या चुलीवर आज आला नाही, तो तीन हजारांहून अधिक वर्षे येथे आहे, एवढे मात्र निश्चित.

आता थोडा वेळ युरोपकडे वळू. कारण हाडांच्या सूपाची महती आज जी सांगितली जाते तिचे मूळ तेथे आहे, आणि तिची परीक्षाही तेथेच झाली.

आपल्या प्रत्येकीच्या घरी प्रेशर कुकर आहे. त्याचा पूर्वज डेनिस पापिन या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये बनविला. घट्ट झाकणाचे लोखंडी भांडे, आणि वाफ अनावर झाली तर उचलली जाणारी झडप. आपल्या कुकरच्या शिट्टीची ती आजीच म्हणायची. पापिनने ते भांडे कशासाठी केले? हाडे मऊ करण्यासाठी! टाकून दिलेल्या हाडांतून अन्न निघाले तर गरिबांची सोय होईल, असा त्याचा हेतू होता. हाडे उकळून त्याने चिकट रस काढला. हाच तो जिलेटिन. आपण पायाचे सूप गार केले की खरवसासारखे थरथरते, ते यामुळेच.

पुढे पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविली. वाफेच्या यंत्राने हाडांतून जिलेटिन काढायचे आणि त्याचे सूप इस्पितळांतील रोग्यांना व गरिबांना द्यायचे. मांसाची जागा हे सूप घेईल आणि खर्च वाचेल, असा हिशेब होता. पण लोकांची तक्रार येऊ लागली की यावर अंग भरत नाही. शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीने चौकशी मंडळ नेमले. मॅजेंडी हे त्याचे प्रमुख. त्यांनी कुत्र्यांवर दीर्घ काळ प्रयोग केले आणि १८४१ साली अहवाल दिला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगत गेली. जिलेटिन एकटे जीव जगवू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. असे का, ते विसाव्या शतकात कळले. आपल्या शरीराला जी प्रथिने लागतात त्यांतला ट्रिप्टोफॅन हा आवश्यक घटक जिलेटिनमध्ये नसतोच. तो डाळीत, दुधात, अंड्यात आणि प्रत्यक्ष मांसाच्या तुकड्यात असतो.

दुसरी हकिगत आयर्लंडची. १८४५ पासून तेथे बटाट्याचे पीक रोगाने नासले आणि भयंकर दुष्काळ पडला. १८४७ साली लंडनचा नामांकित आचारी अलेक्सी स्वायर याला डब्लिनमध्ये सूपाचे स्वयंपाकघर उघडण्यासाठी पाठविण्यात आले. त्याने हजारो लोकांना रोज गरम सूप वाटले, आणि त्याची तळमळ खरी होती. पण त्याची कृती पाहा. दोन गॅलन, म्हणजे सुमारे नऊ लिटर पाण्याला पाव रत्तल मांस! सव्वाशे ग्रॅमसुद्धा नव्हे. जोडीला थोडे कांदे, पीठ आणि बार्ली. डॉक्टरांनी त्याच वेळी बजावले की, हे पोट भरल्यासारखे करील, पण जीव धरून ठेवणार नाही.

तिसरी साक्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची. क्रिमियाच्या युद्धात जखमी शिपायांची शुश्रूषा करणारी ही बाई. पुढे त्यांचे शुश्रूषेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी इंग्रजांच्या घरी रोग्याला गोमांसाचे पाणी देत आणि त्याहून पौष्टिक काही नाही असे समजत. बाई म्हणतात की, हे पाणी आटवून पाहा, तळाशी मोठ्या पेलाभर पाण्यामागे जेमतेम चमचाभर सत्त्व उरते. मात्र रोग्याला त्याने हुशारी येते हेही त्यांनी मान्य केले आहे. मला हा न्याय फार पटला. जे आहे ते आहे म्हणायचे, आणि जे नाही ते नाही म्हणायचे.

तरी व्यापार थांबला नाही. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने १८६५ साली लंडनमध्ये कंपनी निघाली. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात फ्राय बेंटोस येथे तिचा कारखाना होता. सुमारे तीस किलो मांस आटवून एक किलो काळा अर्क निघे, आणि तो बरण्यांतून जगभर जाई. स्वित्झर्लंडमध्ये ज्यूलियस मॅगी यांनी १८८० नंतरच्या दशकात वाटाणा आणि इतर डाळींच्या पिठाचे झटपट सूप काढले. त्याचे कारण आपण बायकांनी जाणून घेण्यासारखे आहे. तेथल्या बायका कारखान्यात दिवसभर राबत, त्यांना रांधायला वेळ मिळत नसे, आणि कामगारांच्या घरचे अन्न निकस झाले होते. म्हणजे पुडीतल्या सूपाचा जन्म बाईच्या वेळेच्या टंचाईतून झाला, आणि त्यात मूळ वस्तू डाळ होती, हाड नव्हते.

मग कढणात, रश्शात काहीच नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. फक्त आपण शोधतो ते निराळे आणि असते ते निराळे.

पहिली गोष्ट चव. १९०८ साली जपानच्या इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्रशेवाळाच्या सूपाला ती खास गोडी कशाने येते ते शोधून काढले. गोड, आंबट, खारट, कडू यांपेक्षा ही निराळी चव असून ती ग्लुटामेटमुळे येते. मांस, मासळी, टोमॅटो मंद आचेवर शिजले की हीच चव पाण्यात उतरते. म्हणून तोंडाची रुची गेलेला माणूस भाताला तोंड लावीत नाही, पण रश्शाची वाटी पितो.

दुसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाणी आणि मीठ. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या करून त्यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले, आणि रोग्यांच्या आयाबहिणींनी ते पेल्याने पाजले. जेथे शेकडा ३० रोगी दगावत होते, तेथे ते प्रमाण ४ च्या आत आले. डॉक्टर २०२२ साली वारले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पुढे ढाक्याच्या संशोधकांनी ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही तसेच पाणी करता येते हे दाखविले. म्हणजे काय? मीठ घातलेली पातळ पेजच की! आपल्या आज्या जुलाब लागल्यावर मिठाची पेज देत, ती उगीच नव्हे. घरात पुडी नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येकीने पाठ करून ठेवावे.

तेव्हा पातळ अन्नाचे काम असे: ओलावा देणे, मीठ भरून काढणे, रुची आणणे, आणि जेवणाची वाट मोकळी करणे. अंग भरून काढणे हे काम त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या घासाचे.

आता मला ज्यासाठी हे सारे लिहावेसे वाटले त्या गोष्टीकडे येते.

माझे माहेर कोकणातले, सासर देशावरचे. माहेरी कुळथाचे कढण झाले की खाली राहिलेल्या कुळथाची उसळ व्हायची. सासरी पुरण घातले की पुरणाची पोळी आणि कटाची आमटी. मटण शिजले की अळणी वेगळी आणि फोडी वेगळ्या. एका पातेल्यातून दोन अन्ने निघतात, ही आपल्या स्वयंपाकाची केवढी हुशारी! पण वाढताना काय होई, ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आमच्या एकत्र कुटुंबात पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, आणि शेवटी आम्ही सासू-सुना. तोवर पातेल्यात रस्सा भरपूर असे, पण त्यात फोडी दोन-चारच उरलेल्या असत. त्या सासूबाई माझ्या पानात ढकलीत आणि मी धाकट्या जाऊबाईंच्या पानात ढकली. कोणी कोणावर जुलूम केला असे नव्हे, प्रेमानेच चाले. पण रस्सा-भात जेवून उठणाऱ्या आम्ही, आणि रश्शात सगळे सत्त्व उतरते, तुकड्यात काय राहते, असे म्हणून स्वतःची समजूत घालणाऱ्याही आम्हीच.

भगिनींनो, मॅजेंडींच्या अहवालाने हीच समजूत १८४१ सालीच खोटी पाडली आहे. सत्त्व पाण्यात सगळे उतरत नाही. प्रथिनांचा आणि लोहाचा मोठा वाटा तुकड्यातच, उसळीतच राहतो. हाडातला चुनाही पाण्यात फारसा येत नाही. त्यासाठी नाचणी, तीळ, दूधच हवे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर जी कुटुंब-आरोग्य पाहणी केली तिच्यात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी शेकडा ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. म्हणजे मंडळाच्या सभेत शंभरजणी सतरंजीवर बसल्या असतील तर त्यांतल्या पन्नासाहून अधिक. दमते, चक्कर येते, पायात गोळे येतात, म्हणून आपण जे सोसतो त्यातले कितीतरी याच्यापायी असते.

आणि आता त्याच बाईला कोणी सांगितले की भाकरी-डाळ सोड आणि बाटलीतले हाडांचे पाणी पी, तर ती दोन्हीकडून नागवली जाईल. पैसा जाईल आणि घासही जाईल. आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंना पडल्यानंतर दोन महिने जवळजवळ सूपावरच ठेवले होते. घरच्यांनी काळजीने, रोज ताजे करून दिले. तरी त्या उठेनात. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, आजी उपाशी आहेत. मग मऊ खिचडी, कुस्करलेले अंडे, दही-भात, घोटलेली डाळ सुरू झाली, तेव्हा हळूहळू त्या काठी धरून ओसरीपर्यंत येऊ लागल्या. सूप वाईट नव्हते. सूपाच्या पुढची पायरी कोणी चढवली नव्हती.

या संदर्भात १९७२ च्या दुष्काळाची आठवण आमच्या वडीलधाऱ्या बायका अजून सांगतात. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. खडी फोडायला गेलेल्या बायकांना आणि मुलांना तेव्हा सुकडी वाटली जाई. कोरडी, पिठाची, गोड. डब्लिनच्या त्या पातळ सूपाशेजारी ही सुकडीची मूठ ठेवून पाहा. तिच्यात पाणी नव्हते, पण दात लावायला काहीतरी होते. पदरात बांधून घरच्या लेकरासाठी नेता येत होते. सूप पदरात बांधता येत नाही.

आता शेवटी, मी घरी काय करते ते थोडक्यात सांगते. कृती नव्या नाहीत, फक्त पातळ आणि घट्ट यांची जोडी मी तुटू देत नाही.

मुगाचे कढण करताना वाटीभर मूग किंचित भाजून सहा-सात वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवते. पहिल्या दिवशी आजाऱ्याला वरचे पाणी मीठ, जिरे, सुंठ घालून. दुसऱ्या दिवशी रवीने मूग घोटून त्याच पाण्यात. तिसऱ्या दिवशी त्यात मऊ भात आणि तूप. चरकाची शिडी हीच.

कुळीथ रात्री भिजवून शिजविते. पाण्याला हिंग-लसणाची फोडणी आणि आमसूल. कुळथाची उसळ त्याच जेवणात, त्याच पानात, सर्वांच्या.

मटण केले तर हाडाचे तुकडे आले, लसूण, हळद, मीठ घालून तेलावर परतते, पातेल्यावर पाण्याची ताटली ठेवते, आणि ते तापलेले पाणीच आत ओतते. गार पाणी ओतले तर चव मोडते, असे सासूबाई सांगत. मंद आचेवर तास-दीड तास. अळणी आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना. पण फोडी मात्र पंगत बसण्याआधीच मोजून वाटून ठेवते, आणि त्यात बायकांचा वाटा आधी बाजूला काढते. पहिल्यांदा असे केले तेव्हा घरात जरा कुजबुज झाली. आता सवय झाली आहे.

शाकाहारी घरांत हाच नियम डाळीला, उसळीला, दह्याला लावावा. बाळंतिणीला कढणाबरोबर अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, घोटलेली डाळ आणि पालेभाजी द्यावी. उसळीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने ते कमी होते. या गोष्टी फुकटच्या आहेत.

मंडळाने पुढील वर्षी पाककलेच्या स्पर्धेत ‘एका पातेल्यातली दोन अन्ने’ असा एक विभाग ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. आणि त्याच दिवशी दवाखान्यातील ताईंना बोलावून सर्वजणींचे रक्त तपासून घ्यावे. हळदीकुंकवाला आपण एकमेकींची ओटी भरतो. त्या ओटीत नारळ असतो, तांदूळ असतात, दाणे असतात. आपल्या वाडवडील बायकांनी ओटीत कधी नुसते पाणी घातले नाही. पानातही घालू नये, एवढेच माझे सांगणे.

मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आणि मंडळातल्या प्रत्येकीला भरल्या पानावर बसण्याचे सुख लाभो.